करंटची झुडपं लावून दोन वर्षं झाली, फळ का धरत नाही?

बकुळी | १८ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. बागकामाच्या धाग्यांवर मी बहुतेक वेळा वाचनमात्र असते, पण आज अडलेच आहे म्हणून लिहितेय.

आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात मागच्या अंगणात करंटची (बारीक, मण्यांसारख्या फळांचे घोस लागतात ती) तीन झुडपं लावली. दोन काळ्या करंटची आणि एक लाल. मुळं उघडी असलेली, कागदात गुंडाळून आलेली रोपं होती. खड्डा मोठा केला, कुजलेलं शेणखत घातलं, पाणी दिलं. शेजारच्या आजोबांनी सांगितलं की पहिल्या फेब्रुवारीत सगळ्या फांद्या जमिनीलगत छाटायच्या. जिवावर आलं, पण छाटल्या. वसंतात भराभर फुटवे आले, उन्हाळ्यात माझ्या कमरेएवढी झुडपं झाली. फळ नव्हतं, पण पहिलंच वर्ष म्हणून काही वाटलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत पुन्हा तशीच छाटली. पुन्हा जोमदार फुटवे, हिरवीगार पानं आणि फळ शून्य. काळ्याला एक घोस नाही, लालला नाही. लालच्या पानांच्या कडा तर ऑगस्टमध्ये करपल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या.

आता परत फेब्रुवारी आलाय. काल कात्रीला धार लावून आणली आणि झुडपापाशी जाऊन उभी राहिले, पण हात पुढे होईना. माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे. लावली तेव्हा तिनेच माती लोटली होती आणि तेव्हापासून दर जुलैत ती झुडपाखाली वाकून बघते. या वर्षी तरी तिला काहीतरी दिसावं असं फार वाटतंय. छाटू की नको?

रानमेवा | १८ फेब्रुवारी

छाटू नका. आजचा दिवस तरी अजिबात नको. जाणकार येईपर्यंत थांबा.

निशिगंध | १८ फेब्रुवारी

वाचतेय. आमच्याकडेही हेच दुखणं आहे. तीन झुडपांचे फोटो टाकशील का? जमिनीपासून वरपर्यंत येईल असा एक आणि डोळ्यांचा (फांदीवरच्या न उमललेल्या कोंबांचा) जवळून एक.

सोनाका | १८ फेब्रुवारी, रात्री

बकुळीताई, कात्री आत ठेवून द्या. सविस्तर लिहितो.

मी तासगावकडचा. घरची द्राक्षबाग होती, लहानपणापासून छाटणीच बघितली. इथे मिडलंड्समध्ये आल्यावर काळं करंट लावलं आणि पहिली तीन वर्षं मीही चाचपडलो. मग एक दिवस लक्षात आलं की हे झुडूप समजून घ्यायला द्राक्षाचीच भाषा पुरते.

द्राक्षाला आपण वर्षात दोन छाटण्या घेतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी. तेव्हा फळाचा विचार नसतो, नवी काडी तयार करायची असते. ती काडी उन्हाळा-पावसाळ्यात पिकते, तिच्या डोळ्यांत घड तयार होतो. मग ऑक्टोबरात गोड छाटणी, आणि माल त्या पिकलेल्या काडीच्या डोळ्यांतून बाहेर येतो. काडी न पिकवता घडाची आशा धरता येत नाही.

काळ्या करंटचा मुख्य माल येतो तो गेल्या उन्हाळ्यात वाढलेल्या काडीवर. जुलै-ऑगस्टमध्ये काडी वाढत असतानाच तिच्या डोळ्यांत पुढच्या वर्षीच्या फुलांची तयारी सुरू होते. थंडीत ते डोळे निजतात आणि एप्रिलमध्ये त्यांतून फुलांचे घोस लोंबतात.

शेजारच्या आजोबांनी पहिल्या वर्षी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर होतं. नवीन रोप लावल्यावर प्रत्येक फांदी एक-दोन डोळे ठेवून छाटायची. ती तुमची खरड छाटणी. त्याने मुळांना उसंत मिळते आणि बुडातून दमदार काड्या निघतात. पण ही छाटणी लागवडीनंतर एकदाच. तुम्ही दुसऱ्या वर्षी परत खरड घेतलीत. म्हणजे पहिल्या उन्हाळ्यात पिकलेल्या काड्या, ज्यांच्या डोळ्यांत माल तयार होता, त्याच कापल्या गेल्या. झाडाने मग सगळी ताकद पुन्हा काड्या करण्यात घातली, म्हणून ती हिरवीगार दिसली. झाडात काही खोट नाही. त्याला गोड छाटणीचं वर्ष मिळालंच नाही.

आज तुमच्या अंगणात ज्या काड्या उभ्या आहेत त्या गेल्या उन्हाळ्याच्या. म्हणजे या जुलैचा माल आत्ता तुमच्या समोर उभा आहे. पेन्सिलीपेक्षा बारीक, लुळ्या, जमिनीवर लोळणाऱ्या तेवढ्या बुडातून काढा. सरळ, जाड अशा आठ-दहा ठेवा. शेंडेही कापू नका, त्या डोळ्यांतही फळ आहे.

लालचं गणित वेगळं आहे. ते उद्या लिहितो, इथे साडेअकरा झाले.

बकुळी | १८ फेब्रुवारी, रात्री

सोनाकादादा, वाचताना अंगावर काटा आला. म्हणजे गेल्या वर्षी मी माझ्या हाताने सगळं फळ कापून हिरव्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. एकाही जागी मला "ही छाटणी एकदाच" असं कुणी ठळक सांगितलं नव्हतं. कात्री खरोखर आत ठेवली.

डोंगरवाट | १९ फेब्रुवारी

सोनाका यांनी मुद्द्यालाच हात घातलाय. मी स्कॉटलंडमध्ये डंडीजवळ राहतो, सत्तावीस वर्षं झाली. माझ्या घरापासून जवळच इन्व्हरगाउरीला जेम्स हटन इन्स्टिट्यूट ही पिकांवर संशोधन करणारी संस्था आहे. ब्रिटनमधल्या काळ्या करंटच्या बऱ्याच जाती तिथल्याच. नावं बघा: बेन लोमंड, बेन कॉनन, बेन होप, बेन सारेक, बेन टिरन. स्कॉटिश गेलिकमध्ये बेन म्हणजे डोंगर.

बकुळी, तुमची जात कुठली? लेबल आहे का? बेन सारेक बुटकी राहते, फळ मोठं आणि भाराने फांदी जमिनीला टेकते. बेन लोमंड आणि बेन टिरन उशिरा फुलतात म्हणून एप्रिलच्या हिमाने मार खाण्याची भीती कमी.

दुसरं, तीन झुडपांपैकी काळी कुठली आणि लाल कुठलं याची खात्री करून घ्या. लेबलं उडून जातात, विकणाऱ्याकडूनही अदलाबदल होते. हिवाळ्यात पानं नसताना ओळखायची सोपी युक्ती: एक डोळा खुडून बोटांत चुरडा. काळ्याचा वास लगेच येतो, उग्र, मांजराच्या मुतासारखा म्हणतात लोक, मला तो आवडतो. लालच्या डोळ्याला असा वास नाही. पानं आल्यावर काळ्याच्या पानाची मागची बाजू उन्हात धरा, पिवळे बारीक ठिपके दिसतील. त्यातच तो वास असतो.

बकुळी | १९ फेब्रुवारी, दुपारी

आत्ता जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन डोळे चुरडले. कुंपणाच्या दक्षिणेकडची दोन्ही काळीच आहेत, बोटांचा वास साबणाने धुऊनही जात नाहीये. तिसऱ्याला वास नाही, म्हणजे ते लालच. लेबलांपैकी एकच सापडलं, बेन कॉनन. दुसरं काळं कुठलं ते कळायला मार्ग नाही.

सोनाका | १९ फेब्रुवारी, रात्री

आता लाल. इथे काळ्याचा नियम लावला तर घात होतो, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच, कारण दोन्ही झुडपं एका नावाची, पानं सारखी, दुकानात शेजारी शेजारी.

लाल आणि पांढरं करंट (पांढरं म्हणजे लालचाच रंग गेलेला भाऊ) फळ देतं ते जुन्या लाकडावर. दोन-तीन वर्षांच्या फांदीवर आखूड, गाठीसारखे फुटवे तयार होतात, त्यांवर डोळ्यांचे झुबके असतात, आणि घोस तिथून येतात. शिवाय गेल्या वर्षीच्या काडीच्या अगदी बुडाशी थोडे. म्हणजे लालचा सांगाडा जपायचा, दरवर्षी तोच. काळ्याचं लाकूड बदलत राहायचं.

तुम्ही लालही दोनदा जमिनीलगत कापलंत. त्यामुळे जुनं लाकूड शिल्लकच नाही. या वर्षी त्याच्याकडून फार अपेक्षा नको, पण बुडाशी चार घोस दिसले तर नवल नाही. आठ चांगल्या फांद्या निवडा, मधला भाग मोकळा ठेवा, वाटीसारखा. निवडलेल्या फांद्यांचा शेंडा गेल्या वर्षीच्या वाढीच्या निम्म्यावर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर कापा. बाकीच्या बुडातून काढा. जूनअखेरीस आडव्या कोवळ्या फुटव्यांना पाच पानं ठेवून खुडा, आणि पुढच्या हिवाळ्यात तेच फुटवे एक-दोन डोळ्यांवर आणा. त्या डोळ्यांच्याच पुढे फळाच्या गाठी होतात.

पानाच्या कडा करपणं हे पालाश (पोटॅशियम) कमी असल्याचं लक्षण, लालला ते फार लवकर जाणवतं. खत काय घालता?

बकुळी | १९ फेब्रुवारी, रात्री

कोंबडीखताच्या गोळ्या. मार्च, मे आणि जुलैमध्ये, भरपूर. वाटलं, फळ नाही म्हणजे भूक असणार.

सोनाका | १९ फेब्रुवारी, रात्री

तिथेच नत्र (नायट्रोजन) जास्त झालं. काळ्याला नत्र मानवतं, तो खादाड आहे, पण लालला इतकं दिलं तर नुसता पालाच माजतो, आणि पालाश मागे पडतं. लालला या महिन्यात सल्फेट ऑफ पोटॅश द्या, चौरस मीटरला १५-२० ग्रॅम, खोडापासून जरा लांब, पाऊस यायच्या आदल्या दिवशी. सल्फेटच, म्युरेट (पोटॅशियम क्लोराइड) नको. क्लोराइड या झाडाला सोसत नाही. काळ्याला मार्चमध्ये कोंबडीखत एकदा, वर दोन-तीन इंच शेणखताचं आच्छादन. मुळं वरवर असतात, कुदळ चालवू नका, तण हाताने उपटा. जुलैतलं खत मात्र बंद.

निळी_जांभळी | २० फेब्रुवारी

मी जर्मनीत, स्टुटगार्टजवळ. इथे याला योहानिसबेअर म्हणतात, २४ जूनच्या सेंट जॉनच्या दिवसाच्या आसपास पिकायला लागतं म्हणून. आमच्या सासूबाईंच्या अंगणात लाल करंट एकाच उंच खोडावर, वर छत्रीसारखं केलेलं आहे. झाड लावताना लाल आणि काळ्यात त्या एक फरक करतात: काळं नर्सरीत होतं त्यापेक्षा चार बोटं खोल लावतात म्हणजे जमिनीखालून नव्या काड्या येतील. लाल मात्र होतं तितकंच, त्याचं आखूड खोड वर दिसलं पाहिजे. तुमची काळी किती खोल आहेत?

बकुळी | २० फेब्रुवारी

काळी खोल आहेत, आजोबांनीच खड्डा मापला होता. लालही मी तितकंच खोल लावलं. तेही चुकलं बहुतेक. आता उपटून वर लावू का?

डोंगरवाट | २० फेब्रुवारी

नको. त्याला बुडातून अनेक फांद्या येत राहतील एवढंच, नको त्या काढत जा. मात्र नोव्हेंबरात लालच्या तीन-चार काड्या कापून ठेवा, प्रत्येकी वीतभर, वरचे तीन-चार डोळे ठेवून खालचे सगळे खुडून टाका आणि अर्धी काडी मातीत रोवा. खालचे डोळे काढल्यामुळे जमिनीतून फुटवे येणार नाहीत आणि नीट एका खोडाचं झुडूप तयार होईल. काळ्याच्या काडीचे डोळे मात्र एकही काढायचा नाही. एवढ्या बोटभर कामात दोघांचा स्वभाव दिसतो.

तुमचं लाल उत्तरेकडच्या कुंपणाला आहे ना? काळजी नको. उत्तरेच्या भिंतीलाही लाल करंट फळ देतं, पिकायला थोडे दिवस जास्त लागतात.

गच्चीबाग | २१ फेब्रुवारी

खूप छान धागा. मी पुण्यात आहे, गच्चीवर ५० कुंड्या आहेत. काळ्या करंटचं रोप ऑनलाइन मिळतंय, मागवू का? आइस्क्रीममधलं ब्लॅक करंट मुलांना फार आवडतं. आणि केकमध्ये घालतो ते काळे करंट हेच का?

डोंगरवाट | २१ फेब्रुवारी

मागवू नका, मनापासून सांगतो. पैसे वाया जाण्यापेक्षा मन दुखतं ते वाईट. या झाडाला पानगळ झाल्यावर दीर्घ थंडी लागते, ७ अंशांच्या खाली शेकडो तास, बऱ्याच जातींना हजाराच्या पुढे. तेवढी थंडी मिळाली नाही तर डोळे उशिरा, अर्धवट उमलतात, काही उमलतच नाहीत. इथेही एखादा हिवाळा उबदार गेला की आमच्याकडचे शेतकरी चिंतेत पडतात. पुण्याच्या जानेवारीतल्या पहाटा धरल्या तरी हिशोब जमत नाही. महाबळेश्वरलाही नाही. तिथे गूजबेरी म्हणून विकतात ती कागदी कवचातली पिवळी रसभरी, टोमॅटोच्या कुळातली, या कुटुंबाशी तिचा संबंध नाही. भारतात करंटची सख्खी भावंडं आहेत ती वर हिमालयात, रानटी.

केकमधले करंट म्हणजे बारीक काळी बिनबियांची द्राक्षं वाळवलेली, म्हणजे बेदाण्याचंच भावंड. ग्रीसमधल्या कॉरिंथ शहरावरून ते नाव पडलं आणि दिसायला तशीच म्हणून या फळांनाही चिकटलं.

तुमच्या गच्चीसाठी मी करवंद लावेन. मोठी कुंडी, भरपूर ऊन, काटे सांभाळा. गडद, आंबट-गोड, मुरांब्याला उत्तम.

गच्चीबाग | २१ फेब्रुवारी

पटलं. मनापासून धन्यवाद. करवंदाचं रोप कोकणातून येताना आणते.

हडसन | २२ फेब्रुवारी

अमेरिकेतल्या मंडळींसाठी एक महत्त्वाची भर. लावण्याआधी आपल्या राज्याचा नियम बघा. पांढऱ्या पाइनला मारणारा एक तांबेरा रोग आहे, तो जगण्यासाठी पाइन आणि करंट अशा दोन झाडांवर आळीपाळीने राहतो. काळं करंट त्याला सगळ्यात सहज बळी पडतं. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे करंटवर बंदी आली. देशपातळीवरची १९६६ मध्ये उठली, पण राज्यांचे आपापले नियम राहिले. आमच्या न्यूयॉर्कमध्ये २००३ पासून मोकळीक मिळाली. मेनसारख्या राज्यात काळ्याला अजून मनाई आहे. मी कॉन्सॉर्ट नावाची जात लावलीय, तिला तो तांबेरा लागत नाही. दोन पिढ्यांना इथे या फळाची चवच माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. शेजाऱ्यांना वाटीभर नेऊन दिली तर विचारतात, हे विषारी नाही ना?

निशिगंध | २५ फेब्रुवारी

बकुळीचा प्रश्न सुटला, आता माझा. मँचेस्टरजवळ असते. एका ओळखीच्या बाईंनी त्यांच्या झुडपाच्या काड्या दिल्या होत्या, त्यांतून वाढवलेली चार झुडपं. मी छाटणी अगदी सोनाका सांगतात तशीच करते. पाचवं वर्ष आहे. फुलं येतात, फळ जेमतेम मूठभर. आज जवळून बघितलं तर काही डोळे टपोरे, वाटाण्याएवढे गोल आहेत. मला वाटलं, वा, यंदा जोर दिसतोय.

डोंगरवाट | २५ फेब्रुवारी

निशिगंध, हे वाचून पोटात खड्डा पडला. काळ्या करंटचा निरोगी डोळा निमुळता, टोकदार असतो. वाटाण्यासारखा गोल, फुगलेला डोळा म्हणजे आत कोळी कीड आहे. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, एका डोळ्यात हजारोंनी. ते डोळे एकतर उमलत नाहीत किंवा वेडेवाकडे उमलतात. पण खरं नुकसान पुढचं आहे: हीच कीड रिव्हर्जन नावाचा विषाणू पसरवते. झाड वाढतं, पानं येतात, फळ वर्षागणिक कमी होत जातं. एक डोळा उभा चिरून भिंगाखाली बघा.

घरच्या बागेत यावर मारायला औषध नाही. फुगलेले डोळे थोडेच असतील आणि फळ चांगलं असेल तर हिवाळ्यात ते खुडून नष्ट करून काही वर्षं काढता येतात. पण तुमच्याकडे फळच उतरलंय, म्हणजे विषाणू पोचलाय. चारही झुडपं मुळासकट काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका. नवी रोपं प्रमाणित, रोगमुक्त म्हणून विकतात तीच घ्या आणि दुसऱ्या जागी लावा.

निशिगंध | ३ मार्च

भिंग आणून बघितलं. पांढुरकं, वळवळणारं काहीतरी होतं आत. काल नवऱ्याने आणि मी चारही काढली. पाच वर्षं पाणी घातलं होतं, खड्डे बघवत नाहीत. त्या बाईंना फोन करून प्रेमाने सांगितलं, त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांच्याकडची दहा वर्षांची झुडपं आहेत, त्याही आता बघतायत. दिलेल्या काड्या मी आनंदाने घेतल्या होत्या, पुढे मीही दोघींना दिल्यात. आज त्यांनाही कळवते.

उत्तरायण | ४ मार्च

कळवताय हे फार चांगलं केलंत. मी उप्सालाला. स्वीडनमध्ये जवळपास प्रत्येक जुन्या घरामागे ही झुडपं असतात, आणि लोक काड्या एकमेकांना वाटत असतात, म्हणून हे सगळ्यांनी वाचायला हवं.

बकुळी | २२ एप्रिल

ताजी खबर. फुलं आलीत!

काळ्यावर हिरवट-जांभळट, घंटेसारखी, खाली मान घातलेली. इतकी साधी की मी आधी ओळखलीच नाहीत. मुलीने दाखवलं, "आई, यात भुंगा आहे". खरंच, एक लठ्ठ केसाळ भुंगा एका घोसातून दुसऱ्यात जात होता. लालवरही बुडाशी पिवळट-हिरवी फुलं आहेत, मोजून अठरा घोस.

पण आज रात्री शून्याखाली जाणार म्हणतात. काय करू?

सोनाका | २२ एप्रिल, दुपारी

झाका! उमललेल्या फुलाला उणे दोन पुरेसे होतात. दुसऱ्या दिवशी फूल बाहेरून ठीक दिसतं, आतला भाग काळा पडलेला असतो आणि आठवड्याने सगळं गळतं. बागेचं फ्लीस (झाडं झाकायचं पातळ, हलकं कापड) असेल तर उत्तम, नसेल तर जुनी सुती साडी किंवा चादर. चार काठ्या रोवून त्यावर टाका, फुलांना चिकटू देऊ नका. प्लॅस्टिक नको. संध्याकाळी सहाच्या आत झाका म्हणजे जमिनीची ऊब आत राहील. सकाळी ऊन आलं की काढा, नाहीतर भुंगे पोचणार नाहीत. एकटं झुडूपही स्वतःच्या परागाने फळ धरतं, पण पराग हलवायला भुंगा लागतोच. आणि माती कोरडी असेल तर दुपारीच पाणी द्या, ओली माती रात्री जास्त ऊब सोडते.

बकुळी | २३ एप्रिल

आईची जुनी इरकल साडी होती, विरलेली, गोधडीसाठी ठेवलेली. तीच टाकली, दोन चिमट्यांनी काठ काठीला अडकवले. सकाळी साडेसहाला गवत पांढरं होतं आणि साडीवर कडक बर्फाचा थर, घडी उलगडताना करकर वाजत होता. खाली फुलं कोरडी, मऊ. लालचा एक कोपरा उघडा राहिला होता, तिथले तीन-चार घोस आज लोंबकळलेत.

उत्तरायण | २३ एप्रिल

पुढचे आठ-दहा दिवस साडी हाताशी ठेवा. मेच्या मध्यापर्यंत धोका असतो.

बकुळी | १९ मे

लालच्या पानांवर लाल-विटकरी फोड आलेत, पान वर फुगलेलं. हा रोग आहे का?

डोंगरवाट | १९ मे

उलटून बघा, फिकट पिवळसर मावा असेल. दिसायला भयंकर, फळाचं फारसं बिघडत नाही. जूनमध्ये मावा दुसऱ्या झाडांवर निघून जातो. काही मारू नका.

मात्र एका अळीवर लक्ष ठेवा. हिरवी, काळे ठिपके असलेली, ती लाल-पांढऱ्या करंटची आणि गूजबेरीची (रसभरी नव्हे, करंटच्या कुळातली खरी गूजबेरी) पानं खाते, काळ्याला जात नाही. सुरुवात झुडपाच्या मध्यात, खालून होते, म्हणून बाहेरून कळतच नाही आणि एका आठवड्यात झाड खराट्यासारखं होतं. रोज फांद्या बाजूला करून आत बघा, हाताने वेचा.

बकुळी | २ जून

सापडल्या! अकरा अळ्या, अगदी मधल्या फांदीवर, तुम्ही म्हणालात तिथेच. मुलगी डब्यात मोजून घेत होती.

निळी_जांभळी | १५ जून

आता जाळी लावा. लाल रंग धरला की ब्लॅकबर्ड पक्षी एका सकाळीत झाड साफ करतात, पिकायचीही वाट बघत नाहीत. आमच्या पहिल्या वर्षी तेच झालं, मी "उद्या तोडू" म्हटलं आणि उद्या फक्त हिरवे देठ होते. जाळी ताणून बांधा, खाली दगड ठेवा, सैल जाळीत पक्षी अडकतात. आणि पिकताना पाणी बेताने, कोरडं राहून एकदम मुसळधार पाणी मिळालं तर मणी तडकतात.

बकुळी | २१ जुलै

मंडळी, आज तोडणी झाली. काळ्या दोन झुडपांवर मिळून सव्वा किलो. लालचे चौदा घोस.

सोनाकादादांनी वर्णन केलं होतं तसंच निघालं: फळ सगळं गेल्या वर्षीच्या काड्यांवर. त्या आता गडद झाल्यात, आणि शेजारून या वर्षीच्या नव्या, फिकट बदामी काड्या सरळ वर गेल्यात, एकही मणी नसलेल्या. बुडाशी बसून बघितलं की कुठली कुठल्या वर्षाची ते हाताने दाखवता येतं. हे एवढं दोन वर्षांपूर्वी कुणी मला दाखवलं असतं तर!

मुलीने पहिला काळा मणी तोंडात टाकला, डोळे गच्च मिटले आणि लगेच दुसरा मागितला. सासूबाई सध्या कोल्हापूरहून आल्यात. त्यांनी लालचा एक घोस काट्या-चमच्यातल्या काट्याने सर्रकन सोलला, मणी वाटीत, देठ हातात, आणि म्हणाल्या याचं आमसुलासारखं सार होईल. झालंसुद्धा. पाणी घालून उकळलं, गाळलं, गूळ, मीठ, जिऱ्याची तुपातली फोडणी, मिरची. रंग असा की ताटातून नजर हटेना. काळ्याचा साखर घालून मुरांबा केला, पेक्टिन विकतचं लागलं नाही, आपोआप आळला.

उत्तरायण | २१ जुलै

फार फार आनंद झाला. पुढच्या वर्षी काळ्याचं सरबताचं सिरप करून ठेवा, कोकम आगळासारखं. आमच्याकडे हिवाळाभर गरम पाण्यात घालून मुलांना देतात. युद्धकाळात ब्रिटनमध्ये संत्री मिळेनाशी झाली तेव्हा क जीवनसत्त्वासाठी लहान मुलांना याचंच सिरप वाटत असत.

सोनाका | २१ जुलै, रात्री

बकुळीताई, आज झोप चांगली लागेल. एक काम लगेच करता येईल: काळ्याच्या ज्या काड्या खूप वाकल्यात किंवा गर्दी करतात त्यांतल्या दोन-तीन आत्ताच बुडातून कापा, बाकीचं हिवाळ्यात. झुडूप अजून लहान आहे, फार काढू नका. चौथ्या वर्षापासून मात्र दरवर्षी जुन्यातल्या एक-तृतीयांश काढायच्या. नव्या फिकट काड्यांना हात लावू नका.

निशिगंध | २२ जुलै

अभिनंदन गं! मी नोव्हेंबरात प्रमाणित रोपं लावतेय, बेन होप, त्या कोळ्याला ती बरीच दाद देत नाही म्हणतात. लावल्यावर एकदा छाटायचं आणि मग थांबायचं, हे वहीत लिहून ठेवलंय. ज्या दोघींना काड्या दिल्या होत्या त्यांतल्या एकीच्या झुडपात गोल डोळे निघाले, तिनेही काढली. दुसरीची स्वच्छ आहेत.

बकुळी | २२ जुलै

दोन काड्या आज कापल्या. घरात हिवाळी छाटणी कधी मी करते, कधी नवरा, म्हणून लालच्या निवडलेल्या आठ फांद्यांना बुडाशी लोकरीचा लाल धागा बांधून ठेवलाय. फेब्रुवारीत कात्री कुणाच्याही हातात असली तरी आधी तो दिसेल. गाठी मुलीने मारल्यात, दुहेरी.